लिफ्टवर टांगलेली पद्मिनी दर दिवाळीला कुरकुरते: एकच आवाज, तीन वर्षं, तीन कारणं

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७९ ची. वर्षातले जेमतेम सात महिने ती रस्त्यावर असते. मृग लागला की शेतातल्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची पांदण चिखलाने भरते, बंडीसुद्धा आखापर्यंत रुतते. तिथून चौदा इंची चाकांची गाडी काढायची म्हणजे ट्रॅक्टर बोलवायची तयारी ठेवूनच निघायचं. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी गोदामात जाते आणि दिवाळीच्या तोंडावर बाहेर येते. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली काळी माती ज्यानं पायाने तुडवली आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

पाच वर्षांपूर्वी अमरावतीतलं एक गॅरेज बंद झालं आणि तिथली दोन खांबांची लिफ्ट, ज्याला सगळे टू पोस्ट म्हणतात ती, मला जुन्या भावात मिळाली. गाडी वर, खाली खताची पोती. जमिनीची ओल लागत नाही, टायर एका जागी बसत नाहीत, मोठ्या भावाला पोत्यांसाठी जागा मिळाली. घरात पहिल्यांदाच या गाडीबद्दल कोणी चांगलं बोललं.

मग दिवाळी आली. गाडी खाली उतरवली तर पुढून नाक वर करून उभी. चाकं वरून बाहेर, खालून आत, फेंगडी. चालवायला घेतली तर प्रत्येक खड्ड्यात कुईकुई, जुन्या लाकडी पलंगावर कूस बदलल्यासारखी. पुढच्या दिवाळीला तेच. त्याच्या पुढच्याही. दरवर्षी काहीतरी दुरुस्त करायचो आणि दरवर्षी तोच आवाज. त्यामुळे कारणही एकच असणार असं धरून चाललो होतो, आणि फसलो तो तिथेच.

आधी हे तपासा, पाना नंतर उचला

उतरवल्याबरोबर गाडी उंच दिसते याचं एक निरुपद्रवी कारण असतं. चाक लटकतं तेव्हा ते खाली जाता जाता थोडं आतही येतं. गाडी जमिनीवर टेकली की चाकाला परत बाहेर सरकायचं असतं, पण टायरने फरशी पकडलेली असते. सरकणार कुठे? त्यामुळे गाडी अर्धवट बसते. पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकलली, बंपरवर दोन-चारदा वजन दिलं, की निम्मं प्रकरण मिटतं. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी गाडी उतरवल्या उतरवल्या मी मिस्त्रीला फोन करून स्प्रिंग बदलायचे का म्हणून विचारलं होतं.

म्हणून मोजमाप ठेवा. गाडी वर चढवायच्या आधी, सपाट फरशीवर, हवा नेहमीइतकी भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर टेप लावायचा आणि चारही आकडे भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायचे. माझ्या गाडीचा पुढचा आकडा ३३ सेंटीमीटर. उतरवल्याबरोबर ३८ आला. ढकलून आणि तीन किलोमीटर हळू चालवून ३४.५ झाला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळीही ३४.५. वरचे साडेतीन टायरचे होते, ते गेले. उरलेला दीड सेंटीमीटर हा खरा आजार.

स्प्रिंगला काही होत नाही

गाडी टांगली म्हणजे स्प्रिंग ताणली जाते आणि बाद होते, हे मी चार जणांकडून तरी ऐकलं. खरं म्हणजे उलट आहे. गाडी चाकांवर उभी असते तेव्हा पुढची कॉइल स्प्रिंग दबलेली असते, मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, भाराने दबलेले असतात. टांगली की त्यांच्यावरचा भार उतरतो. स्प्रिंगसाठी पावसाळाभर टांगून राहणं म्हणजे सुटीच.

सुटी नसते ती रबराला. चाकाला धरणारा दांडा, म्हणजे आर्म, जिथे चेसीला जोडलेला असतो तिथे रबर बुश असतो. हातात घेऊन पाहिला तर कळतो: बाहेर एक लोखंडी नळी, आत एक बारीक नळी, आणि मधलं रबर दोन्हींना घट्ट धरून बसलेलं. नट आवळला की आतली नळी चेसीशी पक्की होते. बाहेरची आर्मबरोबर फिरते. म्हणजे चाक वर-खाली होतं तेव्हा बुश बिजागरीसारखा फिरत नाही, मधलं रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. बंडीच्या आखावर चाक फिरतं, तिथे वंगण लागतं. इथे फिरतच काही नाही, म्हणून वंगणाचं कामच नाही. आमच्या मिस्त्रीचं त्यावरचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं आहे: "भाऊ, स्प्रिंगले काहीच झालं नाई. तुमचं रबर पिळलं हाये."

आणि या रबराला स्वतःचं एक घर असतं. नट आवळताना आर्म ज्या कोनात होता तेच त्याचं घर. तिथे त्याच्यावर पीळ नाही. तिथून दूर गेलं की पीळ. तीनही वर्षांची तीनही कारणं या एका गोष्टीत आहेत.

पहिलं वर्ष

बुश गाडीइतके नसले तरी बरेच जुने होते. टिनाच्या शेडात आमच्याकडे मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. बाहेर पंचेचाळीस असेल तर टिनाखाली त्याहून वर. असे उन्हाळे खाऊन रबर आधीच कडक झालेलं. ते साडेचार महिने टोकापर्यंत पिळून ठेवलं. ताणलेलं रबर नुसतं पडल्या पडल्याही चिरतं, कारण हवेतला ओझोन ताणलेल्या जागीच चावतो. जुन्या टायरच्या बगलेवर किंवा वाळत घातलेल्या सायकलच्या ट्यूबच्या घडीवर बारीक भेगा दिसतात, त्याच जातीच्या. बॅटरी, म्हणजे टॉर्च, लावून पाहिलं तर बुशच्या काठावर अशी भेग होती की नख आत जात होतं. बदलणं भाग होतं, बदलले.

दुसरं वर्ष, म्हणजे माझ्या पैशाने केलेली चूक

नवे बुश बसवले ते गाडी लिफ्टवर असताना. साहजिक आहे, काम करायला तीच जागा सोयीची. चाकं लटकलेली, आर्म खाली, मिस्त्रीने तिथेच सगळे नट जीव लावून आवळले. मीच बॅटरी धरून उभा होतो.

आता घराचा हिशेब करा. त्या रबराचं घर झालं लटकलेल्या स्थितीत. म्हणजे गाडी टांगलेली असताना रबर आरामात आणि रस्त्यावर उतरली की सतत पिळलेलं. वर प्रत्येक खड्ड्यात आणखी पीळ. चार महिने वापराविना राहून ते खराब झालं नाही, सात महिने चालवून फाटलं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र दिसलं काय, तर पुन्हा दिवाळी, पुन्हा लिफ्ट, पुन्हा कुईकुई. मी लिफ्टला शिव्या दिल्या. एकाने बुश डुप्लिकेट असतील म्हटलं, आणि ते मला पटलंही, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद व्हायच्या आधीपासूनच चांगले सुटे भाग शोधावे लागत होते.

ही चूक आहे की नाही ते ओळखायची परीक्षा सोपी आहे आणि ती एकदा पाहिली की विसरत नाही. गावातल्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात खाली उतरायचा खड्डा आहे. गाडी तिथे चाकांवर उभी केली. गिअरमध्ये घातली, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावली. जॅक नाही, घोडी (गाडीखाली लावायचा लोखंडी स्टँड) नाही, पूर्ण वजन चाकांवर. मिस्त्री खड्ड्यात उतरला आणि खालच्या आर्मच्या नटावर पाना लावला. पाव फेरा, काही नाही. अर्धा फेरा. मग "टक्क" असा कोरडा आवाज आला, पान्याचा दांडा त्याच्या हातात हलला आणि गाडीचा तो कोपरा माझ्या डोळ्यांदेखत खाली बसला. फार नाही, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. दुसऱ्या बाजूलाही तसाच टक्क. वरच्या आर्मचे सैल केल्यावर आणखी थोडा. टेप लावला: ३३.२.

जवळपास दीड सेंटीमीटर गाडी रबरावर उभी होती. स्प्रिंगने नव्हे, पिळलेल्या रबराने ती उचलून धरली होती.

सैल केल्यावर बंपर दाबून गाडी चार-पाचदा हलवायची, स्वतः थांबेल तिथे थांबू द्यायची आणि तसेच नट आवळायचे. मागच्या पाट्यांच्या डोळ्यातले रबर बुश, शॅकल (पाट्याचं टोक टांगणारी कडी), वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या अँटी रोल बारच्या जोडण्या यांनाही हाच नियम. एक सांगून ठेवतो: नट फक्त सैल करायचा. बोल्ट काढायचा नाही, आर्म सोडवायचा नाही. कॉइल स्प्रिंग दबलेली आहे आणि ती सुटली तर खड्ड्यात पळायला जागा नसते. आणि बुश आधीच फाटला असेल तर हे करून कुईकुई थोडी कमी होईल, जाणार नाही. माझे फाटले होते. पुन्हा नवे घातले, यावेळी वजन चाकांवर आल्याशिवाय शेवटचा आवळा द्यायचा नाही असं ठरवून.

तिसरं वर्ष

आता सगळं बरोबर होतं. बुश नवे, नट बरोबर स्थितीत आवळलेले. मृगात गाडी निश्चिंत मनाने वर टांगली.

दिवाळीला पुन्हा आवाज. आधीपेक्षा बारीक, पण तोच.

यावेळी घर रस्त्यावरच्या स्थितीत होतं, म्हणून साडेचार महिने टांगलेलं रबर एका टोकाला पिळून राहिलं. रबर लवचिक असलं तरी इतके दिवस एकाच बाजूला वळवून ठेवलं की ते वळण थोडं अंगी लावून घेतं, उष्णतेत जास्तच. आठवडा-दोन आठवडे टांगली तर काही बिघडत नाही. गॅरेजमध्ये गाड्या रोजच टांगतात. महिने झाले की फरक पडतो. हा आवाज मात्र पंधरा दिवस चालवल्यावर पुष्कळ कमी झाला, आणि पहिल्या दोन वर्षांच्या आवाजापेक्षा तो वेगळा होता हे तेव्हा कुठे कळलं.

पण त्या वर्षी दुसरंच एक सापडलं. पुढचा डावा शॉकअप गळत होता. सहा महिन्यांपूर्वी कोरडा ठणठणीत. उघडून पाहिला तर दांडीवर गंजाचे बारीक ठिपके, हरभऱ्याच्या डाळीवर भुंगा लागल्यासारखे. गाडी लटकते तेव्हा शॉकअप पूर्ण उघडतो आणि एरवी आत तेलात राहणारी चकचकीत दांडी बाहेर येते. तिच्यावर गंज चढला आणि गाडी उतरवताना तीच खरबरीत दांडी सीलमधून आत गेली. सील कापली. गंज इतका का, तर खाली पोती कशाची होती ते आठवा. युरिया आणि पोटॅश. युरिया हवेतलं पाणी ओढतो, पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठ. श्रावणातली दमट हवा, पोत्यांतून उडालेली भुकटी आणि बरोबर वर उघडी दांडी. जागा वाचवण्याची युक्ती माझीच होती, त्यामुळे घरात याबद्दल मी कोणाला काही बोललो नाही.

खत गाडीखाली ठेवू नका. ठेवायचंच तर सोयाबीन ठेवा. टांगण्याशिवाय इलाज नसेल तर उघड्या दांडीवर ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि उतरवायच्या आधी स्वच्छ फडक्याने पुसून घ्या, नाहीतर धूळ ग्रीससकट सीलमध्ये जाईल.

याच वेळी ब्रेकचे होज पाइपही पाहा. चाक पूर्ण खाली असताना ते ताणले जातात, मागच्या अ‍ॅक्सलवरचा तर तारेसारखा. लटकलेल्या स्थितीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाइप कुठे खेचला जातो ते बघा, आणि दुमडून भेगा दिसल्या तर विचार न करता बदला. आणखी एक, टांगलेल्या गाडीत इंजिन चालू करायला हरकत नाही पण गिअर टाकून मागची चाकं फिरवू नका. अ‍ॅक्सल खाली गेल्याने मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, तिरक्या कोनात असतो आणि दणके देतो.

आवाज कुठला ते कसं शोधायचं

साबणाचं पाणी एका पिचकारीत भरा. एकजण बंपर दाबत राहील, दुसऱ्याने एकेका बुशवर पाणी मारायचं. ज्यावर मारल्यावर आवाज मिनिटभर थांबतो तो चोर.

जळकं ऑइल मात्र मारू नका. आमच्याकडे पाट्यांवर जळकं ऑइल ओतायची जुनी सवय आहे, ट्रॉलीला ते चालतं. पण खनिज तेलाने साधं रबर फुगतं आणि पिठासारखं मऊ होतं. आवाज त्या दिवशी बंद होतो म्हणून माणसाला वाटतं औषध लागू पडलं. रबरावर काही लावायचंच असेल तर लाल रबर ग्रीस लावा, किंवा ते मिळेपर्यंत एरंडीचं तेल. पूर्वी ब्रेकचं तेलसुद्धा एरंडीपासून करत ते याच कारणाने, ते साध्या रबराला खात नाही.

आता मी काय करतो

चार खांबांची लिफ्ट असेल तर तुम्हाला हा लेख वाचायची गरजच नव्हती. तिच्यावर गाडी चाकांवर उभी राहते. दोन खांबांची लिफ्ट गाडीला पोटाखाली धरते आणि चाकं सोडून देते. जुन्या गाडीत दुसरा धोकाही असतो: दाराखालची पट्टी आतून गंजलेली असेल तर महिनोन्‌महिने तिथेच भार. वर उचलल्यावर दार उघडून पाहा. जमिनीवर नीट लागणारं दार वर गेल्यावर घासत असेल तर त्या गाडीला लिफ्टवर ठेवायचंच नाही.

मी लिफ्ट आता फक्त उचलायला वापरतो. गाडी दोन फूट वर घ्यायची, प्रत्येक चाकाखाली बाभळीच्या जाड ठोकळ्यांची आडवी-उभी थप्पी रचायची आणि गाडी त्यांच्यावर उतरवायची. वजन चाकांवर, सस्पेन्शन आपल्या घरी. थप्पीची उंची तिच्या रुंदीपेक्षा कमी, दीड फुटापेक्षा जास्त मी जात नाही. विटा अजिबात नकोत, त्या सांगून फुटत नाहीत. चाकांना पुढून-मागून खुंट्या. टायर चपटे पडू नयेत म्हणून हवा थोडी जास्त भरतो आणि पोळ्याच्या दिवशी, बैल सजवून झाले की, चारही चाकं पाव-पाव फेरा फिरवतो. जुने नायलॉनचे टायर एका जागी जास्त बसतात, त्यांना हे नक्की करा.

टायर हवेतच ठेवायचे असतील तर घोड्या मागे अ‍ॅक्सलच्या नळीखाली आणि पुढे खालच्या आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली लावा, चेसीखाली नाही. मग चाक अधांतरी असलं तरी सस्पेन्शन दबलेलंच राहतं. अ‍ॅम्बेसेडरला पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार आहे, तरी हीच पद्धत लागू. जुन्या जीपला चारही बाजूंना पाटे, त्यामुळे दोन्ही अ‍ॅक्सलखाली घोड्या आणि काम संपलं. एकाने लिफ्टवर टांगलेल्या गाडीचे आर्म पट्ट्यांनी वर ओढून बांधायचा सल्ला दिला होता. एका पट्टीवर दबलेल्या स्प्रिंगचा जोर आणि खाली पोती उचलणारी माणसं. मी नाही म्हटलं.

काळ्या मातीवाल्यांसाठी शेवटचं. आमच्या गोदामाची फरशी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते, आणि तिच्यात रोवलेले लिफ्टचे खांबही तिच्याबरोबर हलतात. तिसऱ्या वर्षी एका खांबाच्या पायापासून भेग निघाली. तिथली काळी माती तीन फूट खोदून काढली, मुरूम भरून ठोकला, वर नवीन स्लॅब टाकला, तेव्हा विश्वास बसला. तरी मृगाआधी आणि दिवाळीला मी खांबाच्या माथ्यावरून गवंड्याचा ओळंबा सोडतो. दोरीचं खांबापासूनचं अंतर वर आणि खाली सारखं आलं तर उचलतो, नाही आलं तर नाही.

गेल्या दोन दिवाळ्यांना गाडी उतरवली तेव्हा पुढे ३३ आणि ३३. आवाज नाही. लिफ्ट वर्षभर रिकामीच असते, म्हणून भावाने तिच्या हातांवर वखर आणि तिफण ठेवायला सुरुवात केली आहे. ठेवू दे. त्यांना बुश नाहीत.